सिरपूर आणि यशवंतसागर : परके मासे येथवर पोचतील का, हे कसे ठरवावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. संख्याशास्त्राच्या एम. एस्सी.च्या प्रकल्पासाठी आपण सिरपूर तलाव आणि यशवंतसागर ही इंदूरची दोन रामसर स्थळे (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळी) घेतली आहेत. तिलापिया, सकर, थाई मागूर, चंदेरी (सिल्व्हर कार्प) आणि गवत्या (ग्रास कार्प) या पाच परदेशी माशांच्या जगभरातील नोंदी आणि हवामानाचे १९ थर मॅक्सेंट या संगणकीय प्रतिमानाला पुरवून, कोणता मासा कोठे जगू शकेल याचे नकाशे आपण काढले. चाचणीत एयूसी, म्हणजे प्रतिमान किती नीट ओळखते याचा शून्य ते एक मधला गुण, ०.९३ आला. या बळावर ‘पुढील दहा वर्षांत हे मासे या पाणथळींत पसरतील’ असे प्रबंधात लिहिता येईल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. माझ्या मते या नकाशांवरून तसे लिहिता येणार नाही, मात्र नकाशे टाकून देण्याचेही कारण नाही. ते एका लहान आणि वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतात. आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर तलावाकडे येणाऱ्या रस्त्यांवर, पाइपांत आणि मत्स्यबीजाच्या पिशव्यांत शोधावे लागते.

आधी त्या ०.९३ विषयी. मॅक्सेंटला आपण दोन प्रकारचे बिंदू देतो : जेथे मासा सापडला ते, आणि त्या प्रदेशातून चिठ्ठ्या टाकून उचलावेत तसे पार्श्वभूमीचे. दोन्हींच्या हवामानातला फरक ते शिकते. एयूसी एवढेच सांगतो की दोन्हींतला एकेक बिंदू उचलला, तर सापडल्याच्या बिंदूला अधिक गुण मिळण्याची शक्यता किती. आता आपली पार्श्वभूमी संपूर्ण भारताची असेल, तर तीत लडाख आले, थरचे वाळवंट आले, हिमालयाची शिखरे आली. लडाखच्या थंडीत तिलापिया जगत नाही, हे ओळखल्याबद्दल प्रतिमानाला पैकीच्या पैकी गुण मिळतात आणि आकडा फुगतो. इंदूरच्या दोन तलावांपैकी कोणत्यात धोका अधिक, या प्रश्नावर त्या गुणांचा काडीचा उपयोग नाही. पार्श्वभूमीचे बिंदू फक्त नदी, नाला, तलाव आणि जलाशय असलेल्या चौकटींतून घ्या, तेही माशाला पोचण्याची संधी होती अशाच प्रदेशांतून. चाचणीसाठी बिंदू सरमिसळ करून न काढता भूभागाचे सलग तुकडे बाजूला ठेवा, म्हणजे शेजारच्या बिंदूवरून शेजारचा बिंदू ओळखण्याची सोय राहणार नाही. आकडा खाली येईल. तो खाली आलेला आकडा पाहून वाईट वाटून घेऊ नका, कारण प्रबंधात छापण्याजोगा तोच आहे.

नोंदींचाही एक दोष ध्यानात घ्यावा. नोंद तेथेच असते जेथे नोंदवणारा पोचतो, म्हणजे विद्यापीठांच्या आसपास, महामार्गाच्या पुलाखाली किंवा मोठ्या मासळीबाजारात. प्रतिमान मग माशाऐवजी माणसांचा वावर शिकते.

थरांबद्दल माझी तक्रार जुनी आहे. ते १९ थर हवेच्या तापमानाचे आणि पावसाचे असतात, आणि मासा हवेत राहत नाही. माळव्यात जानेवारीच्या पहाटे हवेचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, आणि मोझांबिक तिलापिया साधारण दहा अंशांखाली मरतो. त्यामुळे केवळ थर पाहून कोणी म्हणेल की इंदूर त्याला वर्ज्य आहे. पण यशवंतसागरचे खोल पाणी रातोरात तसे थंड होत नाही. मासा थंडीत सुस्त होतो, वीण थांबवतो आणि फाल्गुनात पुन्हा कामाला लागतो. उलट मे महिन्यात तलाव आटून उरलेल्या डबक्यात प्राणवायू संपतो, ही अडचण कोणत्याच हवामानथरात दिसत नाही. सकर आपल्या जठराच्या पातळ भिंतीतून हवेतला प्राणवायू घेऊ शकतो आणि मागुराला हवा घेण्यासाठी कल्ल्यांजवळ वेगळा अवयव असतो, म्हणून ते दोघे तगतात. चंदेरी मरतो. तेव्हा एका हिवाळ्यात आणि एका उन्हाळ्यात दोन्ही तलावांत काठावर व मध्यभागी, पहाटे व दुपारी, तापमान आणि विरघळलेला प्राणवायू स्वतः मोजावा. साधा मोजणीयंत्राचा संच त्या १९ थरांपेक्षा अधिक सांगून जाईल.

याहून मोठा मुद्दा असा की ‘पसरणे’ ही एक घटना नाही. मासा आणला जातो, पाण्यात सुटतो, जगतो, वितो, पुढे सरकतो, आणि मग त्याचा उपद्रव होतो किंवा होत नाही. प्रत्येक पायरीवर बहुतेक मासे गळतात आणि प्रत्येक पायरीचे निकष वेगळे असतात. सिंथिया कोलार आणि डेव्हिड लॉज यांनी २००२ साली उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांतील माशांवर जे काम प्रसिद्ध केले, त्यातली ही गोष्ट मला आजही सर्वांत उपयोगी वाटते. तेथे ठाण मांडणारे मासे जलद वाढणारे निघाले, पण ठाण मांडल्यावर वेगाने पसरणारे मासे तुलनेने मंद वाढणारे निघाले. म्हणजे एका पायरीवर माशाच्या बाजूने बोलणारा गुण पुढच्या पायरीवर विरोधात जाऊ शकतो. पाचही पायऱ्या एका नकाशात कोंबल्या की ही उलटापालट दिसेनाशी होते. आपल्या पाच माशांसाठी पाच पायऱ्यांचा तक्ता करा आणि प्रत्येक खान्यात स्वतंत्र संभाव्यता भरा. काही खाने अंदाजाने भरावे लागतील. तो अंदाज किती रुंद आहे, हेही तेथेच लिहा.

आता पहिल्या पायरीकडे, म्हणजे मासा येतो कसा याकडे वळतो. माझी अर्धी नोकरी यातच गेली.

आषाढ लागला की तलावांवर मत्स्यबीजाच्या गाड्या येऊ लागतात. प्राणवायू भरून फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बोटुकली असते, आणि पिशवीवर लिहिलेले असते कटला, रोहू, मृगळ. अशी एक पिशवी पांढऱ्या तामचिनीच्या घमेल्यात ओतून पाहा. सुरुवातीला सगळे एकसारखे रुपेरी दिसते. पाणी थोडे निवळले की मग डोळा बसतो. ज्याच्या पाठीवरचा पर लांबलचक आणि काटेरी आहे, अंगावर उभे धूसर पट्टे आहेत आणि त्या पराच्या मागल्या भागात एक काळा ठिपका आहे, तो तिलापिया. कार्पच्या बोटुकलीचा पर आखूड असतो आणि त्याला काट्यांची रांग नसते. दोनशेत असा एक जरी निघाला, तरी एक लाख बोटुकली सोडलेल्या तलावात पाचशे तिलापिया गेले. बीज विकणाऱ्याने ते मुद्दाम घातले असेल असे नाही. त्याच्या संगोपन तळ्यात ते आधीच शिरलेले असतात आणि जाळ्यात सगळे एकत्र येतात. शिवाय मोझांबिक तिलापियाची मादी अंडी आणि पिले तोंडात सांभाळते आणि गर्दीच्या पाण्यात अवघ्या दोन-तीन महिन्यांत वयात येते. म्हणून त्याच्या बाबतीत ‘किती आले’ या आकड्याचे महत्त्व फार लवकर संपते. १९५२ साली तो भारतात आणला गेला, आणि आज उजनीच्या जलाशयावर मासेमारांना विचारले तर ते त्याला चिलापी म्हणून घरच्या माशासारखे ओळखतात.

थाई मागूर, म्हणजे मूळचा आफ्रिकी मागूर, याचा मार्ग वेगळा आहे. त्याच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे, पण देशी मागुराच्या नावाखाली तो बाजारात येतो. जी वस्तू चोरून नेली जाते तिची नोंद कागदावर होत नाही, तेव्हा त्याच्यासाठी बाजारात बसून टोपल्या पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

सकर घरांतून येतो. काही वर्षांपूर्वी लोकमान्य नगरातील एका घरी मला मासा पाहायला बोलावले होते. काचेची टाकी स्वच्छ ठेवील म्हणून बोटाएवढा आणलेला सकर हातभर झाला होता आणि टाकीत वळताना त्याचे शेपूट दोन्ही काचांना घासत होते. घरातल्या आजी म्हणाल्या, “अहो, मुका जीव आहे, मारायचा कसा? तलावात सोडून द्या, पुण्य लागेल.” त्यांचे चुकले असे म्हणायला माझी जीभ रेटली नाही, पण मासा मात्र मी घेऊन आलो. बदली, परीक्षा, घराची रंगरंगोटी, वास्तुशास्त्राचा नवा सल्ला अशा कारणांनी शहरातल्या टाक्या रिकाम्या होतात आणि जवळचा तलाव भरतो. २०२३ साली भोपाळच्या मोठ्या तलावात आणि त्याच सुमारास श्रीनगरच्या दल सरोवरात सुसरीसारखे तोंड असलेला ॲलिगेटर गार सापडला. अमेरिकेतला हा मासा नदीने पोहत आला नव्हता. सिरपूरसारख्या शहराच्या कुशीतल्या तलावासाठी मी हवामानाच्या थराआधी दोन किलोमीटरच्या परिघातील शोभिवंत माशांची दुकाने मोजीन आणि काठापर्यंत गाडी जाते का ते पाहीन.

यानंतर पाइप. आपल्या आराखड्यात त्याचा उल्लेख नाही आणि मला ती सर्वांत मोठी उणीव वाटते. महूजवळ जानापावच्या डोंगरावर पडणाऱ्या पावसाचे काही पाणी चंबळ आणि गंभीर होऊन उत्तरेस जाते, यमुनेतून गंगेला मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागरात पोचते. काही पाणी विंध्याच्या कड्यावरून दक्षिणेस उतरते, नर्मदेला मिळते आणि अरबी समुद्रात जाते. डोंगराची ती धार माशांसाठी भिंत होती. २०१४ साली नर्मदा-शिप्रा जोडयोजना सुरू झाली. ओंकारेश्वर प्रकल्पाचे पाणी सिसलिया तलावातून उचलून, सुमारे साडेतीनशे मीटर वर चढवून, उज्जैनी गावाजवळ शिप्रेच्या उगमाशी सोडले जाऊ लागले. योजनेची क्षमता सेकंदाला ५ घनमीटर आहे. नदी आटली होती, उज्जैनला पाणी हवे होते, आणि योजनेच्या गरजेबद्दल मी येथे वाद घालत नाही. पण माशांच्या दृष्टीने त्या दिवशी भिंतीला भोक पडले.

या भोकातून सगळे मासे जाऊ शकत नाहीत, आणि भाकिताचे खरे काम येथे सुरू होते. मोठा मासा पंपाच्या पात्यांत तुटतो. अंडी आणि नुकती फुटलेली पिले यांतला काही वाटा मात्र सुखरूप पार होऊ शकतो. चंदेरी आणि गवत्या यांची अंडी पाण्यात अर्धवट तरंगत प्रवाहाबरोबर वाहतात, म्हणून ती शोषनळीच्या तोंडाशी येण्याची शक्यता अधिक. मात्र अंडी बुडू नयेत यासाठी या माशांना वाहत्या पाण्याचा लांब पट्टा लागतो. तसा पट्टा दोन धरणांच्या मधल्या नर्मदेत त्यांना मिळतो का, हे नकाशावर अंतर मोजून आणि प्रवाहाचा वेग घेऊन तपासावे लागेल. तिलापियाची अंडी आईच्या तोंडात असतात, सकर बिळात अंडी घालतो आणि नर त्यांची राखण करतो. हे दोघे पंपापर्यंत क्वचित येतील. आपल्या यादीत नसलेले गप्पी आणि गंबुसिया हे छोटे मासे जिवंत पिले देतात आणि काठाच्या उथळ पाण्यात राहतात, त्यामुळे त्यांच्यासाठी शोषनळी किती खोल आहे यावर सर्व अवलंबून आहे. प्रत्येक माशाला वेगळा आकडा मिळतो तो असा, आणि यातला एकही आकडा हवामानाच्या नकाशातून निघत नाही. शिप्रेचे पाणी पुढे चंबळीत, तेथून गांधीसागर, राणा प्रताप सागर, जवाहर सागर आणि कोट्याचा बंधारा ओलांडून घडियालांच्या अभयारण्याकडे जाते. म्हणून असुरक्षित परिसंस्था म्हणताना आपली नजर इंदूरच्या वेशीवर थांबू नये. आणखी एक गोष्ट : या पाइपाच्या हिशेबी ‘परका’ म्हणजे केवळ परदेशी नव्हे. जो मासा नर्मदेत देशी आहे आणि गंगेच्या खोऱ्यात कधी नव्हता, तो शिप्रेत परकाच ठरतो.

दुसरी भिंत आपणच घातली आहे, ती इंदूरमधून वाहणाऱ्या खान नदीच्या घाणीची. शहरातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात प्राणवायू इतका कमी असतो की कार्प कुळातले मासे त्यातून वर येऊ शकत नाहीत. हवा घेणारे मागूर आणि सकर येऊ शकतात. त्यामुळे आजच्या नदीचे आकडे घालून केलेले भाकीत नदी सुधारली की चुकू लागेल, कारण स्वच्छ झालेला पट्टा इतर माशांनाही वाट देईल. शिकागोच्या कालव्यात हे घडलेले आहे : १९७० नंतर पाणी सुधारत गेले आणि पूर्वी घाणीने अडवलेली वाट माशांसाठी मोकळी झाली, तेव्हा चंदेरी आणि त्याच्या भाईबंदांना महासरोवरांपासून रोखण्यासाठी विजेचे अडथळे उभारावे लागले. नदी घाण ठेवावी असे यावरून कोणी म्हणणार नाही. आपण मात्र प्रतिमानात ‘आजची खान’ आणि ‘सुधारलेली खान’ अशा दोन शक्यता स्वतंत्र चालवाव्यात.

पसरण्याच्या वेगासाठी आपण स्केलमचे १९५१ चे सूत्र घेतले आहे. प्रागजवळ १९०५ साली सुटलेल्या मस्करॅट उंदरांचा प्रदेश त्यात सुबक वाढताना दिसतो, कारण ते जमिनीवर चहूकडे पसरू शकत होते. मासा फांद्यांच्या जाळ्यात असतो. अंतर सरळ रेषेत न मोजता नदीच्या वळणांनी मोजा, प्रवाहाबरोबर जाणे आणि प्रवाहाविरुद्ध चढणे यांना वेगळी किंमत द्या, बंधाऱ्यांना पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगळी पारगम्यता द्या. आणि ट्रकने मारलेली उडी या सगळ्या गणितावर एका सकाळीत पाणी फिरवते, हे गृहीत धरून तिच्यासाठी वेगळे पद ठेवा.

‘सध्या नोंद नाही’ याचा अर्थही जपून लावावा. व्हिक्टोरिया सरोवरात नाईल पर्च १९५० च्या दशकात सोडला गेला आणि जवळजवळ पाव शतक तो फारसा डोळ्यांत भरला नाही. मग १९८० च्या सुमारास त्याची संख्या एकदम उसळली आणि तेथल्या शेकडो देशी जाती संकटात आल्या. मधल्या काळात कोणी प्रतिमान केले असते, तर त्यात तो निरुपद्रवी ठरला असता. पाण्यातील ई-डीएनए, म्हणजे माशाच्या अंगावरून पाण्यात मिसळलेला डीएनए, तपासून लपलेला मासा लवकर ओळखता येतो, आणि शिकागोच्या त्याच पाण्यात ही पद्धत वापरली गेली. पण इंदूरमध्ये दोन अडचणी येतील. पावसाळ्याच्या गढूळ पाण्याने गाळणकागद मिनिटभरात तुंबतो. दुसरे म्हणजे मासळीबाजाराचे आणि स्वयंपाकघरांचे धुवण नाल्यात जाते, तेव्हा नाल्यात सापडलेला तिलापियाचा डीएनए कोणाच्या कढईतलाही असू शकतो. नमुना तलावाच्या मध्यातून आणि नाल्याच्या तोंडापासून दूर घ्या, आणि निकाल जाळे टाकून पडताळल्याशिवाय छापू नका.

परिणामांविषयी आपण फारसे विचारलेले नाही, म्हणून एकच गोष्ट सांगतो. सतलजवरील गोविंदसागरात १९७१ च्या पुरात एका मत्स्यबीज केंद्रातून चंदेरी मासा अपघाताने शिरला, पुढे तेथे विऊ लागला आणि कटल्याची पकड घसरली. आकड्यांत एकूण मासळी वाढलेलीच दिसली. धोका मोजताना आपण काय मोजतो यावर उत्तर कसे बदलते, ते येथे दिसते. सिरपूरची किंमत मासळीच्या वजनात नाही, ती तेथल्या पाणवनस्पतींत आणि त्यांवर उतरणाऱ्या पक्ष्यांत आहे. तेथे मला सर्वांत मोठी भीती वाटते ती गवत्याची, कारण ‘तण साफ होईल’ या सद्हेतूने तो सोडला जाण्याची शक्यता असते. तो तण आणि बदकांचे अन्न असा भेद करत नाही. कोणाचाही वाईट हेतू नसताना, बहुधा ठराव मंजूर करून, हा मासा येईल. तेव्हा त्याच्या आगमनाच्या खान्यात हवामानाऐवजी तलावाच्या सफाईवर होणाऱ्या चर्चेचा वेध घ्यावा लागेल.

निष्कर्ष लिहिताना ‘पसरतील’ हे क्रियापद काढा. त्याऐवजी मासा, वाट, तलाव आणि मुदत यांची सांगड घालून वाक्य लिहा. उदाहरणार्थ, बीजातील भेसळीच्या वाटेने यशवंतसागरात पुढील पाच वर्षांत तिलापिया वीण करताना आढळण्याची संभाव्यता इतकी ते इतकी. असे वाक्य पाच वर्षांनी खरे की खोटे ते तपासता येते. अशी वीस-पंचवीस वाक्ये झाली की ब्रायर गुण (सांगितलेली संभाव्यता आणि प्रत्यक्ष घडलेले यांतले अंतर मोजणारा आकडा) काढून आपले भाकीत नुसत्या अंदाजापेक्षा किती सरस होते, हे दाखवता येईल. शंभराच्या जागी साठ टक्के लिहायला संकोच वाटू देऊ नका. मॅक्सेंटचा नकाशा ‘जगू शकेल का’ या एका खान्यात ठेवा; तेथे तो चांगले काम करतो.

कामाचा क्रम विचारलात तर मी सुरुवात बीजाच्या मोसमापासून करीन. पहिल्या जोरदार पावसानंतर गाड्या येऊ लागतात, आणि बोटुकली तलावाच्या पाण्याशी जुळवून घेईपर्यंत पिशव्या अर्धा तास तलावात तरंगत ठेवतात. तपासणीला तेवढाच वेळ मिळतो. तलावाच्या संस्थेची परवानगी आधी घेऊन ठेवा, पाठीवरच्या परातले काटे मोजण्यासाठी भिंग आणा आणि प्रत्येक गाडीतून किमान तीन पिशव्या निवडा, त्याही वरच्या थरातल्याच नकोत. घमेले मी घेऊन येईन.